लाल पडलेले बिबडे

माय,

काल मी बिबडे केले, आपले ते ज्वारीचे वाळवणाचे पापड. तू गेल्याला चौदा उन्हाळे झाले, त्यात मी एकदाही ज्वारी भिजत घातली नाही आणि काल एकदम तीन किलोंचा घाट घातला. तोही धुळ्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत, गॅसची शेगडी जिन्यानं वर नेऊन. तू बघितलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. पिठाचा शिजता घाटा हाटता हाटता माझ्या उजव्या तळव्याला फोड आला आणि तो आता पेनाला घासतोय, म्हणून अक्षर असं तिरपं पडतंय. तसं तुला अक्षराचं काय, सरळ काय नि तिरपं काय. तुला वाचता येत नव्हतं म्हणून तर तू असताना हे कधी लिहिलं नाही. जळगावच्या होस्टेलवरून मी पाठवलेली पत्रं आबा ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि निम्मी गल्ली ऐकायची. अशा पत्रात माणूस फक्त तब्येत आणि परीक्षा लिहितो. आता तुला कुणाकडून वाचून घ्यायचं नाही, तेव्हा लिहिते.

मी घाबरलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मी गल्लीला वळसा घालून मुद्द्यावर येते असं तू नेहमी म्हणायचीस. पंचेचाळिशीची बाई, अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवते, कॉलेजात माझा दरारा आहे म्हणे, आणि कालपासून मी पुन्हा तीच तेरा वर्षांची पोर आहे, आपल्या अंगणात बसलेली. त्या दिवसाबद्दल आपलं कधी धड बोलणं झालं नाही. एकदा तू बोललीस, तेव्हा मी पळाले. आज पळायला जागा नाही, घरात मी एकटी आहे, म्हणजे वर गच्चीवर भाची आहे, पण ती माझ्याशी बोलत नाहीये. का बोलत नाही ते सांगते. आधी तो दिवस.

चैत्र संपत आला की आपल्या गल्लीत आज या घरचे, उद्या त्या घरचे असे बिबडे व्हायचे. ज्या घरचे असतील तिथे बाकीच्या बाया आपापलं पोळपाट आणि ओला फडका घेऊन यायच्या. तीन दिवस भिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास घरभर, अंगणात चुलीवर मोठं पातेलं, खाटांवर जुन्या साड्या अंथरलेल्या, आणि आपलं घर असेल त्या दिवशी तू उंबऱ्यात उभी. आत येणाऱ्या प्रत्येकीला तू विचारायचीस, "शे ना वं चांगली?" याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. जी बाहेरची असेल, जिला त्या महिन्याचा कावळा शिवलेला असेल, तिनं तिथूनच मागं फिरायचं. विटाळशीचा हात लागला, नुसती सावली पडली, तरी बिबडे लाल पडतात. पडलेल्या दाताच्या म्हाताऱ्यांनाही तू विचारायचीस आणि त्या खो खो हसायच्या. मला मात्र कधी विचारलं नाहीस. मी लहान होते.

त्या दिवशी पहाटे, तू आधणाखाली लाकडं सारत असताना, गोठ्यामागं मला कळलं की मी लहान राहिलेले नाही. काय झालंय हे समजायला मला पुस्तक लागलं नाही. दर महिन्याला चार दिवस तू परसदारी पोत्यावर बसायचीस, तुझं ताट वरून वाढलं जायचं, ते बघतच वाढले होते. आता मीही त्या पोत्यावर बसणार. तसं बसायलाही माझी ना नव्हती, माय. पण त्या दिवशी नको. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातली ती येणार होती.

तू तिला नावानं हाक मारायची नाहीस, कोपरावाली म्हणायचीस. माझ्याहून वर्षानं मोठी, शाळेत एका इयत्तेनं पुढं. वर्षभर ती मला नळावर नाहीतर शाळेच्या वाटेवर भेटायची, तीही चार बायांच्या घोळक्यात. बिबड्यांच्या दिवशी मात्र आम्ही दोघी सकाळपासून ऊन उतरेपर्यंत एका सतरंजीवर. ती फडक्यावर घाट्याचा गोळा थापायची, मी ते फडकं उचलून खाटेवरच्या साडीवर पालथं घालायचे आणि अलगद सोडवून घ्यायचे. तिच्या मनगटाला तीळ चिकटलेले असायचे. ती हसली की माझ्या पोटात काहीतरी खाली जायचं, आखाजीच्या सणाला झोक्यावर उंच जाऊन परतताना जातं तसं. याला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं आणि विचारायचं कुणाला तेही माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की हे सांगायचं नसतं. म्हणजे त्या सकाळी माझ्याकडं लपवायच्या दोन गोष्टी होत्या आणि मी दोन्ही घेऊन तुझ्यासमोरून आत गेले. तू मला विचारलं नाहीस.

मग बाया येतात. घाटा शिजतो, तू वाटी वाटी सगळ्यांना खायला देतेस, वर कच्चं तेल. समोरच्या काकू एक घास घेऊन पापडखाराबद्दल विचारतात, "खार जरा वर चढना का वं?" तू स्वतःची वाटी चाखतेस, थांबतेस, आणि म्हणतेस, "ज्वारीच तशी शे यंदा." मला हे आजही ऐकू येतं, तुझा आवाज, तुझं ते थांबणं. तेव्हा मी तिकडं लक्ष दिलं नव्हतं. माझं सगळं लक्ष परकराच्या मागच्या बाजूला होतं. बसले की भीती, उठले की भीती. निम्म्या खाटा भरल्या असतील, तेव्हा कोपरावालीनं मान खाली ठेवूनच मला सांगितलं, "उठू नको. भितले पाठ लाईसन बठ." तिनं डाग बघितला होता. त्यानंतर थापायचं आणि नेऊन घालायचं, दोन्ही कामं तिनंच केली, आणि कुणी विचारलं तर सांगितलं की हिच्या पायाला मुंग्या आल्यात. मी भिंतीला पाठ लावून गोळे करत बसले. मला इतकं कुणी कधी जपलं नव्हतं. भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि आजही मला ते दोन वेगळे करता येत नाहीत.

दुपारी बिबडे लाल पडले. सकाळी थापलेल्या पहिल्या दोन खाटा उन्हानं वाळत आल्या तशा तांबूस होत गेल्या, कडेला जरा गडद. काकू किंचाळल्या, "माय वं! बठ्ठा लाल पडी ग्यात!" बायांचे हात जागच्या जागी थांबले. तू कमरेला पदर खोचून अंगणाच्या मध्ये उभी राहिलीस आणि सगळ्यांकडं एकेक करून बघायला लागलीस. "कोन शे? खरं सांगा." तुझी नजर फिरत फिरत माझ्याकडं आली. भिंतीला पाठ लावून बसलेली मी, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली ती. तू मला बघितलंस, मग तिला बघितलंस, मग पुन्हा मला. माझं तोंड उघडलं होतं की मिटलेलं, ते मला आठवत नाही. आवाज तिचा आला.

"मी शे."

तू तिला जे बोललीस ते मी इथं लिहीत नाही. सकाळी विचारलं तेव्हा तोंड शिवलं होतं का, इथपासून सुरू करून तू तिच्या आईच्या वळणापर्यंत गेलीस. ती उठली, हात धुतले, फडकं घडी घालून ठेवलं आणि गेली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही, म्हणजे बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या घरातून मारण्याचा आवाज आला. लाल बिबडे तू बैलांच्या गव्हाणीत टाकलेस. ते त्यांनी आवडीनं खाल्ले.

दिवेलागणीला तू मला न्हाणीत बोलावलंस. तुझ्या जुन्या सुती लुगड्याच्या घड्या तू आधीच फाडून ठेवल्या होत्यास. म्हणजे तुला कळलेलं होतं. मी रडायला लागले, वाटलं आता मार पडणार, पण तू मला कशी घडी घालायची, कशी बांधायची ते इतक्या हलक्या हातानं दाखवलंस की मला आणखीच रडू आलं. मग म्हणालीस, "कोनले सांगू नको." मी मान हलवली. तू उठलीस, दारापर्यंत गेलीस आणि पाठमोरीच म्हणालीस, "आन तिन्हा मांगे मांगे फिरनं बंद कर आते." विटाळाबद्दल तू मला एक शब्द बोलली नाहीस. बोललीस ते हे. मी त्या ओल्या दगडावर बसून राहिले आणि मला असं थंड वाटलं की दात वाजायला लागले, ऐन वैशाखाच्या तोंडावर.

कारण मला तेव्हा हे पटलं होतं की अंगातलं सगळं बाहेर दिसतं. एक गोष्ट बिबड्यांवर दिसली. दुसरी तू डोळ्यांनी बघितलीस. मग आणखी कुणी बघितली असेल? काकूंनी? आबांनी? त्या दिवसापासून मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. कुणाकडं किती वेळ बघते, कुणाजवळ किती अंतरावर बसते, हसताना हात कुणाच्या खांद्यावर जातो. आणि कोपरावालीला तर मी पुसूनच टाकलं. ती नळावर दिसली की मी हंडा अर्धा भरून परत फिरायचे. एकदा तिनं वाटेत गाठून विचारलं, "काय वं, काय चुकनं मन्हं?" मी म्हटलं, माय रागावते. तिनं माझ्या वाट्याचा मार खाल्ला होता आणि मी तिला हे सांगितलं. तुझं ऐकलं म्हणून, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावलं, पण तुझं मी इतर कुठं एवढं ऐकत होते? मला ते सोपं पडलं. तिला गल्लीत पुन्हा कुणी बिबड्यांना बोलावलं नाही. बारावीनंतर तिचं लग्न झालं, मुक्ताईनगरच्या पलीकडच्या गावी. तू लग्नाला गेलीस. माझी तेव्हा परीक्षा होती, असं मी सगळ्यांना सांगितलं.

जळगावला कॉलेजात गेले तरी पाळत सुटली नाही. होस्टेलच्या मुली एकमेकींच्या गळ्यात हात टाकून बाजारात जायच्या, मी पुस्तक छातीशी धरून मागून. आठवड्याच्या आठवड्याला कुणी ना कुणी प्रेमात पडायची, मला सांगायची, आणि सगळ्यांची गुपितं माझ्याकडं जमा व्हायची कारण मी कुणालाच काही बोलत नव्हते. स्थळं आली. मी शिकायचंय म्हटलं, मग नोकरी म्हटलं, मग नुसतंच नको म्हटलं. आबा चिडले, मामा चिडले. तू चिडली नाहीस. प्रत्येक वेळी तू आतल्या खोलीत जाऊन धान्य निवडायला बसायचीस आणि पाहुणे गेल्यावरच बाहेर यायचीस. मला वाटायचं तू माझ्या बाजूनं आहेस. मग वाटायचं, हिला कळलंय म्हणून ही गप्प आहे. एकाच गप्प बसण्याचे मी दोन्ही अर्थ लावायचे आणि दोन्हीची भीती वाटायची.

आणि मग ती आली, जिच्याबरोबर मी गेली वीस वर्षं राहते. तुला सांगितलं होतं की एसटीत कंडक्टर आहे, खोली एकत्र घेतली तर दोघींना सोयीचं पडतं. ती एकदा आपल्या घरी दोन दिवस राहून गेली. तिनं तुला बसमधल्या भांडणांच्या गोष्टी सांगितल्या आणि तू हसून हसून चूल विझू दिलीस. माय, सोयीसाठी आम्ही एकत्र राहत नव्हतो. ती माझं घर आहे. हे वाक्य मी आत्ता पहिल्यांदा कागदावर लिहिलं, आणि लिहून झाल्यावर उठून बाहेरच्या दाराची कडी बघून आले. त्या उन्हाळ्यापासून तू पाचोऱ्याच्या स्टँडवरून बिबड्यांचे दोन डबे पाठवायला लागलीस. एक स्टीलचा, एक पितळी कडीचा. "हाऊ तुन्हा, हाऊ तिन्हा," असं सांगून. एकाच घरात दोन डबे कशाला, असं मी विचारलं नाही. तिचा डबा ती कपाटात वेगळा ठेवायची आणि रोज एक बिबडा भाजून खायची. तिला तो आईकडून आलाय असं वाटायचं. तिला आई नव्हती.

मग तुझा शेवटचा उन्हाळा. मी रजा काढून आले होते, तू खाटेवर, मी तुझ्या पायांना तेल लावतेय. कुणीतरी नमुन्याला म्हणून बिबडे आणून दिले होते. तू एक हातात घेऊन उजेडाला धरलास आणि सहज म्हणालीस, "त्या दिनले खार दोनदा पडना व्हता. घाटा चाखा तवयच समजनं माले." कुठला दिवस, हे तुला सांगावं लागलं नाही. माझे हात तुझ्या पोटरीवर थांबले. म्हटलं, "मंग बोलनी का नही वं?" तू तो बिबडा खाली ठेवलास. "तुम्हले दोन्हीसले पाहीसन भेव वाटना." एवढं म्हणून तू भिंतीकडं तोंड केलंस. मी तेव्हा विचारायला हवं होतं. कसलं भेव, काय बघितलंस, आणि मग ते दोन डबे कशाचे? मी म्हटलं, चहा आणते. चहा घेऊन आले तर तुझा डोळा लागला होता. पुढच्या पंधरा दिवसांत आपण दोघी दुसऱ्या सगळ्या गोष्टी बोललो.

तू गेल्यावर मला ती पहाट पुन्हा आठवली. तू म्हणाली होतीस, "खार टाकी दे वं, मी तीळ पाखडस." मी पापडखार कुटून आधणात टाकला आणि गोठ्यामागं गेले. परत आले तेव्हा मी दुसरीच कुणीतरी झाले होते. तू विचारलंस, "टाका का खार?" आणि मी म्हटलं, नाही. त्या क्षणी मला कुणी काहीही विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. मग तू टाकलास. एका सुट्टीच्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन पात्रांत ज्वारीचं पीठ शिजवलं, एकात खार नेमका, दुसऱ्यात दुप्पट. दुसरं तांबूस झालं. प्रयोग पोरांच्या वहीत शोभेल इतका स्वच्छ. मी दोन्ही पात्रं धुऊन ठेवली आणि घरी येऊन तुझ्यावर इतकी संतापले की तुझा फोटो महिनाभर पालथा ठेवला. तुला ठाऊक होतं. "खार जास्त पडना" एवढं तू अंगणात बोलली असतीस तर बाया हसून घरी गेल्या असत्या. तुला आमच्यात काय दिसलं कुणास ठाऊक, आणि ते तोडायला तुला लाल बिबडे सापडले. एका चौदा वर्षांच्या पोरीला तू माझ्यापासून सोडवून घेतलंस, फडक्यावरून बिबडा सोडवतात तसं.

कोपरावाली मला एकदा भेटली, पाचोऱ्याच्या रेल्वे स्टेशनवर, पाच-सहा वर्षं झाली असतील. जाड झाली होती, कडेवर नातू. मी तिला ओळखलं आणि बाकड्यावर सरकून जागा केली. ती बसली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आजून भितले पाठ लाईसन बठस का वं?" मी हसले. तीही हसली, आणि माझ्या पोटात ते अजूनही खाली गेलं. मला खाराचं ठाऊक होतं तेव्हा. तुझा दोष नव्हता, माझाही नव्हता, दोन चमचे खार होता, एवढं सांगायला किती वेळ लागतो? तिची गाडी यायला वीस मिनिटं होती. मी तिला नातवाचं वय विचारलं.

आता कालचं. भावाची पोर, तुझी नात, सुट्टीत आमच्याकडं आली आहे. तेरा पूर्ण. तिनंच हट्ट धरला की आजीचे बिबडे करू. मला आधी नको वाटलं, मग वाटलं, बघ, हे आपण निदान साफ करू. मी तिला सगळं नीट सांगितलं, कावळा बिवळा काही नसतं, लाल पडतात ते खारानं, मोजून टाकायचा आणि टाकला की मोठ्यानं सांगायचं. ती म्हणाली, "आत्या, खार टाकला!" आणि सगळी गच्ची दुमदुमली. खालच्या मजल्यावरची एक मुलगी, हिच्याच वयाची, तिची दोन आठवड्यांची मैत्रीण, तीही मदतीला आली. उंबऱ्यात मी तिला काही विचारलं नाही. मला त्याचा अभिमानही वाटला, लपवत नाही.

दोघी एका सतरंजीवर बसल्या. एक थापत होती, एक खाटेवर पालथं घालत होती. घाटा भाचीच्या कोपरापर्यंत चढला, तर त्या मुलीनं तिचं मनगट धरून ओल्या फडक्यानं पुसलं. पुसून झालं तरी हात लगेच सोडला नाही. भाची काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या, डोकं डोक्याला लागेपर्यंत. एवढंच. दोन पोरी आहेत, हसतात. त्यांच्यात माझ्यासारखं काही आहे की नाही, हे मला ठाऊक नाही, त्यांनाही नसेल. असेल तर असो, असं मी दुसऱ्या कुणाच्या पोरीबद्दल ठणकावून सांगितलं असतं. पण मी घाबरले. भाऊ काय म्हणेल. वहिनी म्हणेल, हिच्याकडं पाठवली म्हणून. शेजारीपाजारी आमच्या दोघींकडं आधीच दोन बहिणी समजून कानाडोळा करतात, ते आता नीट बघतील. आणि मी त्या मुलीला म्हटलं, "तुझी आई हाक मारतेय, जा."

ती उठली. हात धुतले. फडकं घडी घालून ठेवलं. माय, तिनं फडकं घडी घालून ठेवलं.

अर्ध्या तासानं आमची कंडक्टर ड्यूटीवरून आली, खांद्याची बॅगही न उतरवता सरळ गच्चीत. म्हणाली, "खालची पोर जिन्यात का बसलीय? दाराला कुलूप आहे, आई कामावर आहे तिची." भाचीनं माझ्याकडं बघितलं. मी पातेल्यात बघितलं. आमच्या कंडक्टरनं माझ्या हातातलं उलथनं घेतलं आणि उरलेला घाटा तीच हाटत राहिली. बिबडे सुरेख झालेत, पांढरेशुभ्र, एकही लाल नाही. आज सकाळी भाची एकटीच ते उन्हात उलटतेय. तिनं चहा घेतला नाही. मघाशी जिन्याच्या दारात येऊन एवढंच म्हणाली, "आत्या, कुणी हाक मारली होती?"

तुला जाब विचारायचा म्हणून मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. पहिल्या ओळीपासून तोच विचार होता. आता जाब विचारायचं तोंड राहिलं नाही, आणि भिंतीकडं तोंड करून झोपलेली तू मला पहिल्यांदा दिसतेस, किती घाबरलेली होतीस ती. पण तुला वेळ मिळाला होता, माय, अठरा वर्षं, आणि तू दोन डबे पाठवलेस, बोललीस मात्र शेवटच्या उन्हाळ्यात. मला तेवढा वेळ घ्यायचा नाही. अजून अर्धं पातेलं पीठ भिजलेलं आहे. खाली एक मजला उतरायचं, दार वाजवायचं आणि त्या मुलीला सांगायचं की काल कुणी हाक मारली नव्हती, मी खोटं बोलले, मला भीती वाटली, वर ये. वर येऊन हेच भाचीलाही सांगायचं. बारा पायऱ्या आहेत, मी मोजल्यात.

हे पत्र लिहून झालं की जाते, असं मी स्वतःला सकाळी आठ वाजता सांगितलं होतं. आता ऊन गच्चीच्या कठड्यापर्यंत आलंय. एवढं लांब मी तुला कधीच लिहिलं नव्हतं. ते का लांबतंय, ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.